जपानी पाहुण्याची भिंत

मी कोणाच्या हाताखाली चित्र शिकलो नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो. आमच्या कारंजा गावच्या सडकेवरून ज्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि पुढं जे ट्रक माझा रंग अंगावर घेऊन गेले, त्यांच्यावरचा एकही मोर, एकही वाघ मी दुसऱ्याचा पाहून काढलेला नाही. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पाटीवर उजळणीच्या जागी मी बैल काढला म्हणून मास्तरांनी ठोकलं, तर पाटी उचलून घरी आलो आणि त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. बाबांनी मारलं, मायनं एक सांज उपाशी ठेवलं, शेजारच्यांनी समजावलं. नाही म्हणजे नाही. असा माणूस मी. पण एका माणसापुढं माझी मान झुकली ती झुकलीच, आणि तो माणूस कुठला, तर जपानचा. लोक हसतात. हसोत. लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागं कोणी, म्हाताऱ्यानं थापा मारल्या, असं म्हणायला नको.

आमचं घर सडकेला लागून होतं. पुढं छपरीत बाबांचं सुतारकाम, मागं दोन खोल्या, बाजूला कडुलिंब. बाबा बंड्या करायचे. माझा डोळा उघडायच्या आधी कानात वाकसाचा ठोका पडायचा, बाभळीच्या लाकडावर खट खट, मधे बाबांचं खाकरणं, मग पुन्हा खट खट. चाकावर धाव चढवायची असली की अंगणात गोवऱ्यांचा जाळ पेटायचा. लोखंडाचं कडं त्यात लालबुंद व्हायचं, दोघंतिघं सांडशीनं ते उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि मी बादलीनं पाणी ओतायचो. चर्र करून अशी वाफ उठायची की माणसाला माणूस दिसू नये. त्या वाफेत लाकूड करकरत आवळत जायचं. तो आवाज आता कुठं येत नाही. रबराची चाकं आली आणि आवाज गेला. मागून मायच्या चुलीचा वास यायचा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाचा ठेचा. सणावाराला पाटवड्यांचा रस्सा. तांदूळ आमच्या घरात पाहुण्यासारखा यायचा, म्हणजे क्वचित आणि थोडा. बंडी तयार झाली की रंग माझ्याकडे. गेरू, काजळी, नीळ, हळदीसारखा पिवळा, आणि कुंचला म्हणजे शिंदीची काडी टोकाला चावून फोडलेली. मिसरूड फुटलं होतं आणि आपल्याएवढा कोणी नाही असं मला वाटत होतं. आताही फारसं वेगळं वाटत नाही.

असाच लगीनसराईचा हंगाम होता, पळस फुलून गेले होते. एक सरदारजी ड्रायव्हर ट्रक थांबवून छपरीशी आला. म्हणाला, "मिस्त्री, एक साहब हैं, बुखार में तप रहे हैं. अमरावती तक नहीं बचेंगे. उतार दूँ?" बाबा काही बोलायच्या आत त्यानं आणि क्लीनरनं एक माणूस उतरवून आमच्या अर्ध्या झालेल्या बंडीवर निजवला. पिवळट चेहरा, बारीक डोळे, अंगावर खादीचा सदरा, गळ्यात कापडाची पिशवी. पंचविशीचा असेल, तिशीचाही असेल. तापानं त्याचे दात वाजत होते.

बाबा म्हणाले, "हा कोण गा? नेपाळी होय का?"

"जपानी हैं," ड्रायव्हर ट्रकवर चढता चढता म्हणाला. "वर्धा में साधू लोगों के साथ रहते थे."

माय बाहेर आली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि बाबांवरच चवताळली, "पाह्यत काय राह्यले? लेकराचं आंग इस्तव होऊन राह्यलं. उचला त्याले आत!"

तो आमच्याकडं राहिला तो असा. मायनं त्याला गुळवेलीचा काढा पाजला, ताकातल्या कण्या भरवल्या. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. तापात तो काही बडबडायचा, त्यातलं आम्हाला एक अक्षर कळायचं नाही, पण माय प्रत्येक वेळी "हो बाप्पा, हो" म्हणायची. त्याचं नाव तोशिरो का असं काहीसं होतं. मायच्या जिभेवर ते बसेना, तिनं त्याचा तुळशीराम करून टाकला. उठून बसायला लागला तशी त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाबांच्या छपरीतून लाकडाच्या दोन चपट्या काड्या उचलून घासल्या आणि त्यांनी कण्या खाल्ल्या. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "सुताराच्या घरी येऊन हा लाकडानंच जेवून राह्यला!" आणि तो जपानी, काही न समजता, आमच्याबरोबर हसला. हसला की त्याचे डोळे मिटून जायचे.

तो माझ्याजवळ बसायला लागला. मी एका बंडीच्या फळीवर शंकरपटाचे बैल काढत होतो, म्हणजे शर्यतीचे. बैल चांगले उतरले होते. मी मुद्दाम सावकाश रंगवत होतो, त्यानं पाहावं म्हणून. तो पाहत राहिला, पाहत राहिला, आणि मग चुलीतला कोळसा उचलून शेजारच्या कोऱ्या फळीवर त्यानं हात फिरवला. एकदा, आणखी एकदा. बैलाची पाठ एका रेघेत. माझ्या बैलांमागच्या बंडीच्या चाकाला आरे होते, मोजून काढलेले, नीट. त्याच्या चाकाला आरेच नव्हते. नुसत्या गोल गोल निसटत्या रेघा, मागं आडव्या लांब रेघा, आणि हाकणाऱ्याच्या कपाळावरून उडालेला एक घामाचा थेंब. माझी बंडी उभी होती. त्याची धावत होती. देवाशपथ सांगतो, मी फळीपासून मागं सरकलो. वारा कोणी काढू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी वाघ काढत होतो, मोर काढत होतो, पण जे दिसत नाही तेही काढता येतं, हे त्या कोळशानं मला दाखवलं. मी पाठ फिरवून गेरू घोटायला लागलो. आणखी पाहत बसलो असतो तर रडलो असतो, आणि बाबा समोर होते.

आणि तोच माणूस आपण काय केलं ते पाहून असा दचकला, जणू चटका बसला. कोळसा टाकून दिला, हात सदऱ्याला पुसले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला.

असं का, ते पुढं गुरुजींनी सांगितलं. वर्ध्याचे एक खादीवाले गृहस्थ त्याची चौकशी करत आले होते. त्यांना आम्ही गुरुजी म्हणत होतो. त्यांना इंग्रजी येत होतं, जपान्यालाही तोडकंमोडकं येत होतं. गुरुजी म्हणाले, हा त्याच्या देशात पोरांसाठी गोष्टी काढायचा. लिहायचा नाही, काढायचा. चौकटीमागं चौकट, चित्रामागं चित्र, आणि त्याची पुस्तकं व्हायची. तिथली पोरं ती भाड्यानं नेऊन वाचतात, पुढच्या पुस्तकाची वाट पाहत बसतात. चांगलं नाव व्हायला लागलं होतं. आणि एक दिवस यानं कुंचला ठेवला तो ठेवलाच. साधूंच्या मागं लागून इकडं आला. आता अजिंठ्याची जुनी चित्रं एकदा डोळ्यांनी पाहायची, मुंडण करून साधू व्हायचं, आणि परत देशी जायचं नाही, कुंचला धरायचा नाही, असं त्यानं ठरवलं आहे.

"काऊन पण?" मायनं विचारलं.

"ते तो सांगत नाही," गुरुजी म्हणाले. "मी विचारलं तर उठून जातो."

मला तर संताप आला. ज्याला वारा काढता येतो त्यानं हात बांधून बसायचं? मायला वेगळंच लागलं. ती गुरुजी गेल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "घर सोडून कोणी असंच नाई फिरत. याचं घरी काई तरी झालं आहे." बाबा म्हणाले, "झालं असन. तू नको त्याच्या मागं लागू. बरा झाला की अमरावतीच्या गाडीत बसवून देऊ."

तेवढ्यात मामाच्या पोरीचं लग्न आलं, तळेगावला. आम्हाला सगळ्यांना जाणं भाग होतं. मायनं शेजारणीला त्याच्या भाकरीचं सांगितलं, त्याला खुणेनं "येतो, येतो" म्हणून समजावलं आणि आम्ही बंडी जुंपून निघालो. लग्नात मी जेवलो किती आणि नाचलो किती ते सांगत नाही, पण मनातून तो कोळसा जात नव्हता.

परत आलो तर छपरीची भिंत भरलेली. मायनं लग्नाला जाण्याआधी पांढऱ्या मातीनं ती सारवली होती, शुभ्र. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका ओळीत चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत चित्र. माझी काजळी, माझा गेरू, माझाच कुंचला. जपानी खाली बसला होता, बोटं काळी, आणि आमच्याकडं असा पाहत होता जसा कोणी निघताना हात जोडतो. त्याला आपण कोण आहोत ते आम्हाला सांगायचं होतं आणि भाषा नव्हती, म्हणून त्यानं सांगितलं ते असं.

आम्ही सगळे त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिलो. बैल तसेच जुंपलेले राहिले. माझ्या बाबांनी आयुष्यात माझ्या चित्राला कधी "बरं आहे" म्हटलं नव्हतं, त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं. मग माय पुढं झाली. मायला अक्षर येत नव्हतं, पण अंगणातून आलं की भिंतीचं डावं टोक आधी लागतं, तिथं तिनं बोट ठेवलं आणि गोष्ट वाचायला लागली. मोठ्यानं. आम्हाला नव्हे, त्याला.

"हे पाह्य, इथं तुहं मुंडण केलं आहे. म्हणजे कोणी तरी वारलं." पहिल्या चौकटीत तो होता, डोक्यावर केस नाहीत, हात रिकामे. "मंग तू आमच्या घरी आला. हे काय, हा माहा पोरगा किसना, हे मी, हा लिंब. मंग जहाजात बसून घरी गेला. घरी नुसता बसून राह्यला, समोर कोरे कागद. सुतक म्हटलं की असंच होते. पण मंग उठला बाप्पा! कामाले लागला. केवढे कागद, अन् बाहेर पोट्टे वाट पाहून राह्यले."

"सायकल घेतली ना यानं!" बाबा पुढच्या चौकटीवर एकदम ओरडले. तिथं तो सायकल धरून उभा, सायकलवर एक पेटी, पेटीत चित्र, आणि भोवती पोरं. त्या काळात सायकल घरात येणं म्हणजे काय होतं, ते आताच्या पोरांना कळायचं नाही.

"घेन नाई तर? कमावलं त्यानं," माय म्हणाली. "मंग जागा घेतली. ही पाह्य, मोकळी जागा, सपाट. हातात मडकं घेऊन एकटाच उभा आहे, भुई भिजवाले. मंग भट्टी लावली. बापा, केवढा जाळ! इटा भाजल्या. अन् हे पाह्य..."

शेवटच्या चौकटीत घर होतं. उतरत्या छपराचं, लाकडी ओटीचं. ओटीवर एक पुरुष, एक बाई, आणि एका पोराचा हात धरून उभी असलेली एक इवलीशी पोरगी. पोरीचे डोळे एवढे मोठे काढले होते की ती आपल्याकडंच पाहते असं वाटावं.

"घर झालं," माय म्हणाली. "बायको आली. पोरगा झाला, पोरगी झाली. केवढी गोड पोट्टी व माय!" आणि तिनं जपान्याच्या हाताला धरून उठवलं, त्याचं काळं बोट त्या ओटीवरच्या पुरुषावर नेऊन टेकवलं. "हा तू."

तो तोपर्यंत मान हलवत होता, नाही नाही म्हणत होता. बोट टेकलं आणि त्याची मान थांबली. तो मायकडं पाहत राहिला. मग भिंतीच्या त्या टोकाकडं पाहिलं, या टोकाकडं पाहिलं, पुन्हा त्या पुरुषाकडं. आणि आमच्या समोर, बाबांच्या समोर, तोंडावर हात न घेता रडला. माय काही घाबरली नाही. तिनं आत जाऊन लग्नात मिळालेला हिरवा खण आणला आणि त्याच्या हातावर ठेवला. "बायकोले देजो. म्हणजो, कारंज्याच्या सासूनं देला."

दुसऱ्या दिवशी बाबा लाकूड पाहायला गेले होते, माय पाण्याला. त्यानं माझा हात धरला आणि मला भिंतीच्या उजव्या टोकाला नेलं. घराच्या चौकटीत त्यानं बोट ठेवलं ते पुरुषावर नाही, त्या पोरावर. मग स्वतःच्या छातीवर. बाईवर बोट ठेवून म्हणाला, "माँ." आणि तिथून तो डावीकडं चालत गेला. आता नातू सांगतो, आजोबा, त्यांची पुस्तकं आपल्या शेवटच्या पानाकडून उघडतात, चौकटीही उजवीकडून वाचतात. मला तेव्हा नातू नव्हता, मला तो जपानी हात धरून चालवत होता. घर. मग तो जाळ. ती भट्टी नव्हती, ते गाव होतं, त्याचं गाव, लढाईत पेटलेलं. मग ती सपाट जागा. आणि मडकं. मडक्यात काय असतं हे कोणी मला सांगायला नको होतं, आम्हीही आमची माणसं तशीच गोळा करतो. मग सायकलवर पेटी घेऊन पोरांना चित्रांची गोष्ट दाखवत पोट भरलं. मग टेबल, पुस्तकं, वाट पाहणारी पोरं. मग कोरा कागद, कारण प्रत्येक पोरीचा चेहरा काढताना तीच एक पोरगी उतरायची. हे त्यानं मला मोठे डोळे दाखवून समजावलं, आणि त्या पुस्तकं वाचणाऱ्या पोरांत मी पाहिलं तर खरंच, प्रत्येक पोरीला तेच डोळे. मग जहाज, मग आम्ही, आणि शेवटी अजून व्हायचं असलेलं मुंडण. एक माणूस एवढं सगळं पोटात घेऊन आमच्या कण्या खात होता.

माय घागर घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. त्यानं डोळ्यांनी नको म्हटलं होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. "माय, तू उलटं वाचलं. ते त्याचे मायबाप होय. ती त्याची बहीण होय. कोणी नाई राह्यलं त्याचं. तो घर बांधून नाई राह्यला, त्याचं घर जळालं."

मायनं घागर खाली ठेवली. ती भिंतीजवळ गेली, त्या पोरीच्या चित्राखाली उभी राहिली, आणि पदर तोंडाला लावला.  मला वाटलं आता ती खण परत घेईल, की माफी मागेल. पण माझा हट्ट काही हवेतून आलेला नाही. ती वळली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आयकलं मी," ती म्हणाली. "गेले ते गेले. मले तुह्या देशाचं वाचता नाई येत. पण बाप गेला तं पोरगाच बाप होते का नाई? का ओटी तशीच रिकामी ठेवतं?" तिनं पुन्हा त्याचं बोट धरलं. पोरावरून उचललं, पुरुषावर टेकवलं. "मी काल म्हटलं तेच. हा तूच. अन् खण ठेवजो. बहीण नाई तं बायको येईन, बायको आली तं पोरगी होईन. खण काय ताक आहे आंबाले?"

त्याला शब्द कळले नसतील. पण तिनं बोट कुठून कुठं नेलं ते कळलं. त्यानं वाकून, अगदी कमरेतून वाकून, तिच्या पायांशी डोकं नेलं. आमच्याकडच्यासारखं नव्हे, त्यांच्याकडच्यासारखं, हात मांडीला लावून.

पुढं ती भिंत मी कितीतरी वर्षं कोणाला सारवू दिली नाही. दिवाळीला सगळं घर उजळायचं आणि ती एक ओळ तशीच. बायको भांडली, तरी नाही. सडक रुंद झाली तेव्हा छपरी गेली आणि तिच्यासोबत भिंतही गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण ते नंतरचं.

तो निघाला त्या सकाळी अंगात ताकद आली होती, चालताना पाय ठाम पडत होते. मायनं पाटवड्या आणि भाकरी बांधून दिल्या. निघण्याआधी त्यानं ओलं फडकं मागितलं. मला वाटलं हात पुसायला. त्यानं भिंतीच्या डाव्या टोकाचं ते मुंडणाचं चित्र पुसलं. नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पांढरी चौकट राहीपर्यंत. मग त्यानं माझा शिंदीचा कुंचला उचलला, माझ्याकडं पाहिलं, आणि विचारल्यासारखी भुवई वर केली. मी मान हलवली. त्यानं तो पिशवीत घातला. आयुष्यात मी कोणाला माझा कुंचला दिला असेल तर तो तेवढाच.

अमरावतीकडं जाणारे ट्रक आमच्याच बाजूला थांबायचे. बाबा सडकेवर जाऊन उभे होते, त्यांनी हात दाखवला, एक ट्रक थांबला. बाबांनी ड्रायव्हरला सगळं सांगितलं, की हा पाहुणा अजिंठ्याला चालला, अमरावतीला नीट उतरवून दे. जपान्यानं बाबांना वाकून नमस्कार केला, ड्रायव्हरलाही केला, आणि ट्रकच्या समोरून चालत सडक ओलांडून पल्याड गेला. तिथं बाभळीखाली नागपूरच्या गाड्या थांबतात. नागपूरवरून कलकत्ता, कलकत्त्याहून जहाज.

"अगा!" बाबा ओरडले. "अगा तुळशीराम! अमरावती इकडे! तुह्या लेण्या इकडे राह्यल्या!"

तो तिकडून हात हलवत हसला. डोळे मिटून गेले.

"येडा झाला का हा?" बाबा मायकडं वळून म्हणाले. "एवढ्या दुरून ज्याच्यासाठी आला, ते न पाह्यता चालला?"

माय सडकेच्या काठाशी उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून. नागपूरचा ट्रक आला, थांबला, धुळीत काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा बाभळीखाली कोणी नव्हतं.

"जाऊ द्या," माय म्हणाली. "बराबर गाडीत बसला."